चपट्याचं मूळ गाव

मूळगावकाकांनी विश्वासाने माझ्यावर सोपवलेल्या बियाण्याच्या टोमॅटोंचं मी सार करून खाल्लं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे काकांविषयी पुढे जे चांगलं लिहिणार आहे त्यात माझाही काही वाटा असेल, असं कुणाला वाटायला नको. सार उत्तम झालं होतं. त्याचंही मला वाईट वाटतं.

काका आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत समोरच्या दारी राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, काकू वारलेल्या, मुलगी ठाण्याला. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं. डोंबिवलीत कोणी नवा माणूस भेटला की आपण सगळेच विचारतो, मूळ गाव कुठलं. काका ते भाजीलाही विचारायचे. कल्याणच्या बाजारात एकदा मी त्यांच्यासोबत होतो. त्यांनी एक टोमॅटो उचलला, देठाकडून हुंगला आणि विक्रेत्याला म्हणाले, "मूळ गाव?"

"नारायणगाव."

"तिथून ट्रक आला. बी कुठून आलं?"

"काका, तुम्हाला भाजी घ्यायचीय की सोयरीक जमवायचीय?"

"पसंत पडली तर दोन्ही," काका म्हणाले आणि टोमॅटो परत ठेवून पुढे गेले. पसंत पडला नव्हता.

त्यांना पसंत पडलेला टोमॅटो जगात एकच होता. चपटा, लहानशा भोपळ्यासारख्या फाका असलेला, आंबट आणि मागून हळूच गोड. साल इतकी नाजूक की सकाळी पिशवीत घातला तर संध्याकाळी पिशवीच धुवावी लागे. त्यामुळे तो बाजारात कधी आला नाही. टिटवाळ्याला गणपतीचं दर्शन घेऊन परतताना काकांना तो एका कुंपणाआड दिसला. काका सरळ आत गेले आणि अंगणात बसलेल्या बाईंना विचारलं, "याचं मूळ गाव कुठलं हो?" त्या बाईंना सगळी आळी आत्या म्हणायची, पुढे आम्हीही म्हणू लागलो. चांगल्या सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "त्याचं माहीत नाय. तुमचं कुठलं ते सांगा आधी, मग बसा."

चपट्याची वंशावळ शोधण्याचा नाद तिथून सुरू झाला. माझे बरेच रविवार त्यात गेले, आणि ते फार मजेत गेले. आत्यांना बी त्यांच्या सासूबाईंनी दिलं होतं. सासूबाईंचं माहेर मुरबाडकडचं. म्हणून आम्ही एसटीने तिकडे गेलो. तिथे सासूबाईंचा भाचा भेटला. तो म्हणाला, आमचे आजोबा कल्याणला रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते, त्यांनी रुमालात बांधून आणलं. हे टिटवाळ्याला परत येऊन सांगितलं तर आत्या भडकल्या. "माळी कसला आणि साहेब कसला. सासूच्या आजीपासून व्हता तो घरात. ती खोटं नाय बोलायची." काकांनी दोन्ही हकिगती शांतपणे ठेवून घेतल्या. मला म्हणाले, "घराण्यात एवढे वाद नसतील तर मला संशय येतो." येताना मात्र त्यांना एकच हळहळ लागली होती. "साहेबाचं मूळ गाव विचारायला कुणी उरलं नाही रे."

बी देण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. घेणाऱ्याला आधी चहा पाजायचा, मग वंशावळ म्हणायची. डोंबिवलीला मी, मला टिटवाळ्याच्या आत्यांनी, आत्यांना सासूबाईंनी, सासूबाईंना मुरबाडकडच्या माहेराने, माहेराला कल्याणच्या माळ्याने, त्याच्या मागचं माहीत नाही. शेवटचं वाक्य ते सगळ्यांत आदराने म्हणत. घेणाऱ्याने ते एकदा म्हणून दाखवलं की पुडी हातात पडे. दुसरी अट, पुढच्या हंगामात थोडं बी जिथून आलं तिथे परत पाठवायचं. याला ते माहेरपण म्हणत. "एका घरी बुडालं तर दुसऱ्या घरी असावं, म्हणून." स्वतःकडे मात्र ते जुनं बी शिल्लक ठेवत नसत. दरवर्षी सगळं वाटून टाकत आणि गच्चीवरच्या कुंड्यांतल्या नव्या फळांचं नवं बी धरत.

एका हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुलीकडे ठाण्याला गेले. गच्चीवरच्या सगळ्यांत चांगल्या फळांच्या देठांना लाल दोरा बांधला होता. मला म्हणाले, "दोऱ्याची फळं पार लिबलिबीत होऊ दे. मग बी काढ, पाण्यात आंबव, धुऊन ताटलीत वाळव. तू करशील नीट."

फळं पिकली त्याच दिवशी माझा मेहुणा जेवायला येणार होता. मी फळं तोडली आणि ओट्यावर ठेवली. मनात विचार असा की बी आपण काढून घेऊ आणि गराचं सार होईल, म्हणजे दोन्ही साधेल. आधी अंघोळ करून घ्यावी म्हणून आत गेलो. बाहेर आलो तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती. बायको, स्मिता, म्हणाली, "बरं झालं आणलेस, मी आता खाली जाणारच होते टोमॅटो आणायला." मी तिला सांगितलंच नव्हतं, तर तिची काय चूक. दोरे तिने काढून केराच्या डब्यात टाकले होते.

त्या दिवशी ठाण्याला फोन केला असता तर हा लेख इथेच संपला असता. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी कल्याणला गेलो, गावठी म्हणून विकायला ठेवलेल्यांतले जरा चपटे, जरा फाकांचे टोमॅटो शोधले, आणि त्यांचं बी अगदी सांगितल्याप्रमाणे आंबवलं, धुतलं, वाळवलं. काका काळा चष्मा लावून परत आले. ताटलीवरून बोटं फिरवत म्हणाले, "माझ्यापेक्षा छान वाळवलंस." पहिली पुडी त्यांनी मलाच दिली. मी वंशावळ म्हणून दाखवली. सगळी नावं बरोबर आली.

पुढच्या हंगामात गच्चीवर कुठे लांबट, कुठे गोल, एका झाडाला तर अंड्यासारखी फळं लागली. काका प्रत्येक झाडाशी उभे राहून म्हणायचे, "एका आईची लेकरं, आणि एकाचाही चेहरा जुळत नाही." आधी त्यांनी मधमाश्यांवर संशय घेतला. मग समोरच्या इमारतीतल्या मिरच्यांवर. ज्यांना बी दिलं होतं त्यांच्याकडे जाऊन ते फळं पाहू लागले, आणि मी बरोबर पिशवी धरून. बाजारातल्या एका निनावी टोमॅटोचं घराणं शोधत तो म्हातारा माणूस जिने चढत होता, आणि उत्तर पिशवी धरून मागून येत होतं.

शेवटी आम्ही टिटवाळ्याला गेलो. माहेरपण म्हणून त्याच बियांतलं थोडं आत्यांकडेही गेलं होतं. त्यांनी ते वेगळ्या वाफ्यात लावलं होतं. गोल फळांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "यो आमचा नाय. तुमच्याकडं कुणाची संगत लागली त्याला?"

काका अंगणातल्या बाजेवर बसले. "माझीच चूक, आत्या. डोळ्यांना दिसत नव्हतं. वाटताना कुठली तरी दुसरी पुडी मिसळली असणार."

आत्यांनी आतून चिंधीत राखेसकट बांधलेलं स्वतःचं बी आणलं. "घ्या. माझ्याकडं हाय खरं."

काकांनी हात मागे घेतला. "नको. माझ्या हातून पुन्हा बिघडेल. आता हे दुसऱ्या कुणाला द्या. माझं संपलं."

मी पाहत होतो. त्यांना दुसरा नाद नव्हता. मी म्हणालो, "काका, डोळ्यांचं काही नाही. दोऱ्याची फळं माझ्या घरी कुकरमध्ये गेली. ते बी मी बाजारातून आणलेलं."

आत्या माझ्याकडे आणि मग काकांकडे बघत राहिल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सार केलंत?"

"हो."

"गूळ घातला होता?"

"थोडा."

"बरोबर. थोडाच हवा." आणि मग ते इतके हसले की आत्यांनी पाणी आणलं. "मुरबाडपर्यंत मधमाश्यांची चौकशी केली मी," ते हसत म्हणाले, "आणि सारवाला बाजूला बसून माझ्याच पैशाचा चहा पीत होता." मी माफी मागायला तोंड उघडलं तर हात हलवून म्हणाले, "आता नको. आत्यांचं बी घे. या खेपेला तूच लाव." आत्या म्हणाल्या, "आणि कुकर लांब ठेव."

त्यानंतर लवकरच काका कायमचे ठाण्याला मुलीकडे गेले. तिथे गच्ची नाही, खिडकीत एकच कुंडी आहे. माझ्या गच्चीवर चपटा आला, अगदी तसाच, फाकांचा. मी आधी बी काढून वाळवलं, ज्यांना ज्यांना खोटं दिलं होतं त्यांच्या घरी जाऊन खरं दिलं, टिटवाळ्याला माहेरपण पोचवलं. मगच उरलेल्या फळांचं सार केलं आणि स्टीलच्या डब्यातून ठाण्याला नेलं.

काकांनी वाटी दोन्ही हातांत धरून एक घोट घेतला. डोळे मिटले. म्हणाले, "मूळ गाव?"

मी उभा राहिलो. का ते माहीत नाही, बसून म्हणवेना. "डोंबिवलीला मी. मला टिटवाळ्याच्या आत्यांनी, आत्यांना सासूबाईंनी, सासूबाईंना मुरबाडकडच्या माहेराने, माहेराला कल्याणच्या माळ्याने, त्याच्या मागचं माहीत नाही."

"आणि मधलं?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"मध्ये एका हंगामात माझ्या हातून तुटलं. मी ते लपवलं आणि तुम्हाला दारोदार फिरवलं. चुकलो, काका. मला माफ करा."