नदीवर पोचायचा मुहूर्त

केळव्याच्या कमलाकांत सावे यांच्या घरी पंचांगाला विचारल्याशिवाय चूलसुद्धा पेटत नाही, अशी गावात थट्टा चालायची. थट्टा अगदीच खोटी नव्हती. सुपारी उतरवायची, नारळाची रोपं लावायची, लेकीला सासरी धाडायचं, सगळं ते खिळ्यावरचं पंचांग काढून, चष्मा नाकावर बसवून ठरवत. इंग्रजी महिने त्यांच्या डोक्यात नव्हतेच. आणि त्यांचं काही चुकायचंही नाही सहसा, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती.

त्यांची बायको प्रेमला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण तिनं कशाचा हट्ट धरलेला कुणाला आठवत नाही. नैरोबीला कापडाच्या दुकानात कामाला असलेल्या चिंतूनं, म्हणजे त्यांच्या पुतण्यानं, ऐंशी साली एक कॅलेंडर पाठवलं होतं. त्याच्या एका पानावर हजारो दाढीवाली काळी जनावरं धडाधड नदीत उड्या टाकत होती. विल्डबीस्ट हे नाव काही प्रेमलाच्या जिभेवर बसेना. ती त्यांना 'दाढीवाले' म्हणायची. हे कळप गवताच्या मागे वर्षभर फिरतात, टांझानियातून केनियात येतात आणि पुन्हा खाली जातात, असं चिंतूनं पत्रात लिहिलं होतं. वर्ष संपलं तरी तिनं ते पान भांड्यांच्या फळीजवळ चिकटवून ठेवलं. तेरा वर्षांत धुरानं ते पिवळं पडलं.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर पालघरच्या डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डावा वर्षभर टिकला तर नशीब, असं ते म्हणाले.  परतताना एसटीत प्रेमला हळूच म्हणाली, "अहो, ते दाढीवाले एकदा बघायचे होते."

कमलाकांत सावे यांच्यासारख्या माणसाला एवढं पुरलं. ते झपाटल्यासारखे कामाला लागले. पासपोर्ट झाले. पीतज्वराची लस टोचून घ्यायला मुंबईला कधी जायचं ते ठरलं. राहता राहिला मुहूर्त. त्यांनी चिंतूची जुनी पत्रं काढली. चिंतू परदेशात असला तरी सणवार धरून लिहिणारा. गेल्या वर्षीच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'काल सर्वपित्री झाली, आज मारा नदीवर आलोय. काका, सकाळपासून जनावरं उतरतायत, संध्याकाळ झाली तरी संपत नाहीत.'

कमलाकांतांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. त्यांचे वडील अमावास्येला गेलेले. सर्वपित्रीला वडिलांचं पान ठेवायचं ते थोरल्या मुलानं, हा त्यांचा नेम अठ्ठावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. जनावरंसुद्धा आपल्या वडिलांचं पान होईपर्यंत थांबतात की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवसाची तिकिटं काढली.

त्या वर्षी भाद्रपद अधिक आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला अनारसे. जावई शांताराम कुंभवलीला राहायचा, तारापूरच्या कारखान्यात होता. प्रेमला अनारसे तळायला बसली खरी, पण तिला रंग कळेना. पहिले पाच करपले, पुढचे कच्चे राहिले. शेवटी लेकीनं झारा हातात घेतला. शांताराम बिचारा करपलेलाच अनारसा चवीनं खात म्हणाला, "काय मामा, त्या जनावरांना पण धोंड्याचा महिना असतो काय?"

सगळे हसले. प्रेमलाही हसली. कमलाकांतांच्या हातातली वाटी मात्र तशीच राहिली. ते उठले, पंचांग काढलं, मागच्या वर्षीचंही काढलं. गेल्या वर्षी सर्वपित्री सप्टेंबरात होती. यंदा ती ऑक्टोबरच्या मध्यावर गेली होती. गवत काही अधिक महिना पाळत नाही. जन्मभर अधिक महिन्याची व्रतं पाळणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचू नये, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बूथवरून नैरोबीला फोन लावला. चिंतू ओरडून सांगत होता, "काका, आत्ताच या! खाली टांझानियात पाऊस लवकर लागेल म्हणतात. पाऊस लागला की एक दिवस थांबायची नाहीत."

तिकिटं बदलून मिळत होती. लवकरात लवकरची होती ती चार ऑक्टोबरची. म्हणजे भर पितृपक्षात.

कमलाकांत घरी येऊन हे सांगत होते, ते प्रेमला ओट्यावर बसून ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मध्ये तोंड घातलं. "धाकटे बळवंतभावजी ठेवतील ना पान. एक वरस."

"थोरला मी हाय," कमलाकांत म्हणाले.

"एकच वरस, अहो."

"नाय. बापाचं पान मी नाय चुकवायचा. थांबतील जनावरं दहा-बारा दिवस."

 तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि कमलाकांतांना ते दिसलं. पण त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. माणूस वाईट नव्हता हो. बायकोवर त्यांचा जीव होता. पण मेलेल्या बापाची भीती त्यांना जित्या बायकोपेक्षा मोठी वाटली, आणि हे आपल्याकडे कुणालाच वावगं वाटत नाही. गावानं तर त्यांचं कौतुकच केलं.

पान यथासांग झालं. कावळाही लगेच शिवला. दुसऱ्या दिवशी दोघं निघाली.

चिंतू विमानतळावर आला तेव्हाच त्याचा चेहरा पडलेला होता. तरी तो त्यांना नदीवर घेऊन गेला. दोन्ही काठ रिकामे होते. तुडवलेलं गवत, वाळलेला चिखल आणि खालच्या वाळूत गिधाडांनी साफ केलेली हाडं. पाच दिवसांपूर्वी शेवटचा मोठा कळप दक्षिणेला गेला होता.

प्रेमलाला एव्हाना डाव्या डोळ्यानं उजेड आणि सावली तेवढी कळत होती. ती चिखलात खाली बसली आणि हातानं चाचपू लागली. वाळलेल्या चिखलात खुरांचे ठसे एकावर एक उमटलेले होते. एका ठशात तिनं दोन बोटं घातली, मग शेजारच्यात.

कमलाकांत तिच्याजवळ उकिडवे बसले. त्यांना रडू आवरेना. साठीचा माणूस, पुतण्यादेखत हुंदके देऊन रडला. "माझी चूक झाली, प्रेमा," ते म्हणाले. "मोठी चूक झाली."

ती 'असू दे' म्हणेल म्हणून ते थांबले. सत्तावीस वर्षं ती तेच म्हणत आली होती.

"झाली," प्रेमला म्हणाली, आणि तिनं हात पुढच्या ठशाकडे सरकवला.