धनराजचा पहिला प्रश्न

धनराज गेल्याची बातमी मला ऑफिसच्या ग्रुपवर कळली. हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि तिच्याच खाली मॅनेजरचा प्रश्न, "उसका काम कौन देखेगा?" शिसारी आली. गोंदियातल्या भाड्याच्या खोलीत कामाला बसल्याबसल्या छातीत कळ येऊन माझा मित्र गेला होता, आणि यांना... असो.

धनराज क्लास लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामरना आयता वापरता येणारा कोड, लिहायचा. संगणकात चालू असलेलं प्रत्येक काम, म्हणजे प्रोसेस, तिच्यात एक ऑब्जेक्ट होऊन समोर येई. विंडोज असो की लिनक्स, त्या ऑब्जेक्टला एकाच पद्धतीने विचारायचं, चालू आहेस का, केव्हा सुरू झालास. नको असेल तर थांबवायचं. प्रत्येक प्रोसेसला नंबर असतो, पण ती संपली की तोच नंबर पुढे दुसरीला मिळू शकतो. नुसत्या नंबरावर विसंबलात तर थांबवायची एक आणि मरते भलतीच. म्हणून धनराजचा ऑब्जेक्ट सुरू झाल्याची वेळही जपायचा आणि हात लावण्याआधी ताडून बघायचा. "नंबर तोच हाये, पन प्रोसेस तीच हाये का, हे कोन पाहीन?" असं तो मीटिंगमध्ये भांडायचा. "इतनी बारीकी किसको चाहिए?" मॅनेजर हसायचा. शेवटी वेग वाढावा म्हणून त्यांनी ती तपासणी काढूनच टाकली. धनराज त्या दिवशी जेवला नाही.

फोनवरही त्याचं तेच. माझं नाव स्क्रीनवर दिसत असूनही पहिला प्रश्न ठरलेला, "सुनील, तूच ना बे?" मी वैतागायचो. "नाही, तुझा सासरा बोलून राहिलो!" मग तो पोटभर हसायचा.

त्याचा फोन नंबर कंपनीचा होता. शोकसभेत त्याला 'घरातला माणूस' म्हणणाऱ्यांनी तेरवीच्या आधीच तो नव्या माणसाला देऊन टाकला. घरी कळवलंसुद्धा नाही. तिकडे तिरोड्याजवळच्या गावात धनराजची माय... लेक गेला हे तिला ठाऊक होतं, पण संध्याकाळी त्याला फोन लावायची सवय सुटत नव्हती. नुसती रिंग ऐकून ठेवून द्यायची. एक दिवस कोणीतरी फोन उचलला.

"मी म्हनलं, धनराज? तं तो हां म्हनला, बाबू," माय मला सांगत होती. "मी जेवलास का म्हनून इचारलं..."

मी मॅनेजरला जाब विचारला. "नंबर खाली पड़ा था, दे दिया." एवढंच. इतकी किळस मला कशाचीच आली नव्हती.

माय आता त्या नंबरावर फोन करत नाही. संध्याकाळी मीच तिला लावतो. फोन उचलला की ती आधी दबक्या आवाजात विचारते, "सुनील, तूच ना?"

मी वैतागत नाही. "हो माय, मीच."