चाक उचलणारा स्टँड

सुट्टीला घरी आले, तर अंगणात बाबांची मोटरसायकल नव्या लाल स्टँडवर उभी. मागचं चाक अधांतरी फिरत होतं आणि बाबा चेनला तेल घालत होते. पूर्वी मी गाडी कलती करून धरायचे, तेव्हा ते चाक उचललं जायचं. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मी गेले आणि माझ्या जागी हे लोखंड आलं. लोखंडाचा हेवा वाटावा, याची लाजही वाटली.

"म्हणजे आता कुणी लागत नाही," मी म्हटलं.

"लागतं की! एकट्यानं लावता येणारा स्टँडही होता दुकानात. पण मला कुठंय एकट्याची सवय? तुझी आई हँडल धरते, वर मलाच ओरडते."

गाडी उतरवायची वेळ झाली. आई पदराला हात पुसत दारात आली. तिच्या आधी मी हँडल धरलं.