सावलीसकट क्वार्टर

सुभाषराव काळमेघ म्हणजे मशीनच्या जिवाला जपणारा माणूस. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करण्यात उभा जन्म गेला. मोटार तापली का, ते हाताच्या मागच्या बाजूने बघायचं आणि तापली की आधी लोड कमी करायचं, हा त्यांचा धर्म. घरच्या मिक्सरलासुद्धा त्यांनी कधी दमू दिलं नाही. बायकोला चटणी खलबत्त्यात कुटावी लागली तरी बेहत्तर!

ती बायको, मंगला, आता सगळं विसरत चालली होती. निवृत्तीनंतर घेतलेल्या अवधपुरीच्या या घरात ती पाहुणीसारखी बसून राही. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दाराशी उभी. नवऱ्यालाच म्हणे, "भाऊ, मला घरी सोडता का? आमचे हे ड्यूटीवरून येतील, कुकर लावायचाय."

भाऊ! लग्नाच्या बायकोच्या तोंडून हे ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

तिचं घर म्हणजे कारखान्याच्या टाउनशिपमधलं जुनं क्वार्टर. ते पाडून तिथे मैदान झालेलं. मुलगी वंदना गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. आईला निदान पडद्यावर तरी घरी नेता येईल, म्हणून तिने जुन्या फोटोंवरून ते क्वार्टर गेमसारखं उभं केलं. पण घरातला कॉम्प्युटर तिच्या कॉलेजच्या वेळचा, त्याचं ग्राफिक्स कार्ड थकलेलं. चित्र अडखळायचं, पंखा बोंबलायचा, आणि जरा वेळाने सगळंच बंद.

"नवं कार्ड आण की," सुभाषराव म्हणाले.

"भाव बघितलेत का बाबा? एआयवाल्या कंपन्या सगळा माल उचलतात. आपल्या वाट्याला काय उरणार?"

"मग लोड कमी कर."

वंदनाने सावल्या काढल्या, झाडाची पानं काढली, भिंतींचे पोपडे गुळगुळीत केले. चित्र कसं छान सरकायला लागलं! सुभाषराव खूश. त्यांनी मंगलाला समोर बसवलं. तिने बघितलं आणि मान फिरवली.

"हे कुणाचं घर? मला आमच्या घरी जायचंय, भाऊ."

सुभाषरावांचा चेहरा उतरला. क्वार्टरच्या व्हरांड्यात शेवग्याची सावली पडायची. तिथे बसून ती तांदूळ निवडायची. ऊन सरकलं की तीही सूप घेऊन सरकायची. आणि ती सावली त्यांनीच काढायला लावली होती.

"सगळं परत घाल," ते म्हणाले.

"बाबा, कार्ड जळेल हो."

"जळालं तर जळालं!"

त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला. चित्र अडखळत निघालं. फाटक आलं, मग पायऱ्या. सुभाषरावांनी सवयीने कार्डाला हाताची मागची बाजू लावून बघितली, चटका बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लोड कमी करायला सांगितलं नाही. व्हरांड्यात शेवग्याची सावली हलली. मंगला पुढे झुकली, तिने पडद्याला बोट लावलं.

"सूप बाहेरच राहिलं की," ती पुटपुटली.

तेवढ्यात कॉम्प्युटरचा पंखा किंचाळला आणि पडदा काळा झाला. वंदनाने कपाळावर हात मारला. आता ही पिशवी उचलणार, म्हणून सुभाषराव उठायला लागले. पण मंगलाने त्यांची बाही धरली.

"अहो, लाईट गेली वाटतं," ती म्हणाली. "येईल. बसा ना इथेच."

ते बसले.