टाकीवरचा तांब्या

केनवडात रंगराव म्हटलं तर दोघं-तिघं निघतील, पण ‘रंगराव डायवर’ म्हटलं की एकच. घरी वावर होतं, पण वावरात त्याचा जीव कधी रमला नाही. रिसोडच्या मार्केटातून सोयाबीन भरायचं, अकोल्याला नाहीतर थेट नागपूरला उतरवायचं, परतीला मिळेल तो माल आणायचा, यातच त्याची उमर गेली. मग एका सकाळी चहा पिता पिता डाव्या अंगावरून वारं गेलं. कप पडला, मागून रंगरावही पडला, आणि वावरातल्या बाभळीखाली लावलेला ट्रक तिथेच राहिला.

चार वर्षं राहिला. रंगराव बाजेवरून उठला, काठी धरून चालू लागला, तरी ट्रक आपला तिथेच. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा शिवम एक दिवस फोनवर म्हणाला, की भंगारवाला पाहून ठेवलाय, दिवाळीच्या आत काढून टाकू. रंगरावाने विचारलं, चालू करून दाखवला तर? बापाला शर्टाची गुंडी लावता येत नाही हे शिवमला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, रिसोडपर्यंत स्वतःच्या चाकांवर न्या, मग ठेवू. चालवायला माणूस लावू, तुम्ही शेजारी बसा. नाही म्हणवत नाही म्हणून दिलेला तो शब्द होता. रंगरावाने मात्र तो सातबाऱ्यासारखा धरून ठेवला. शेजारी तर शेजारी, केबिनमध्ये बसायला मिळणार होतं. नाहीतर मरेपर्यंत तो बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारणारा म्हातारा होणार होता, आणि त्याला त्या म्हाताऱ्याची भारी चीड होती.

पडून राहिलेल्या गाडीला उठल्या-उठल्या सेल्फ मारायचा नसतो, हे त्याने जन्मभर क्लीनर पोरांना शिव्या देऊन शिकवलं होतं. टाकीत बसलेला गाळ ओढून गाडी स्वतःचाच गळा दाबते. म्हणून आधी टाकी रिकामी करायला घेतली. उजवा हात काम करी आणि डाव्या हाताचं काम त्याची बायको गोजराबाई करी. पाना धर म्हटलं की धरायची, उजेड दाखव म्हटलं की दाखवायची, आणि मधूनमधून शिव्याही खायची. त्या शिव्या ऐकून तिला बरंच वाटत होतं. चार वर्षं हा माणूस कुणावर धड ओरडलाही नव्हता.

टाकीखालचा बोल्ट सोडला तर आधी पाणी आलं. गंजाने तांबडं झालेलं. पाणी जड, ते तळाशी बसतं, त्यामुळे आधी तेच यायचं. पण बादली भरत आली तरी पाणीच. मग डिझेल आलं, काळं, कुजका वास मारणारं. टाकीचं झाकण लॉकडाऊनमध्ये चोराने निम्म्या डिझेलासकट नेलं होतं. तेव्हा रंगराव बाजेवर होता. गोजराबाईनेच जुन्या लुगड्याचा बोळा तोंडात ठासून टाकी बंद केली होती. चार पावसाळे गेले, मुरलं असेल पाणी, असं म्हणून रंगरावाने तो विषय सोडला.

टाकीत ताजं डिझेल आणि लोखंडी साखळी टाकून, साखळी हलवून हलवून त्याने टाकी आतून घासली. दोन्ही फिल्टर बदलले, तडकलेले पाइप बदलले. हातपंप मारून लाइनमधली हवा काढली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. ती धार बोटावर घेऊन त्याने गोजराबाईला दाखवली आणि ती उगाच हसली. त्या रात्री तो दोन भाकरी जादा जेवला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या माणिकरावाने ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण नळीतून धूर म्हणून निघाला नाही. रंगरावाने नोझलचा पाइप सैल करायला सांगितला. थेंब नाही. इंजिनात डिझेल ढकलणाऱ्या पंपापर्यंत डिझेल येत होतं आणि पंपातून पुढे जात नव्हतं. त्याचं तोंड उतरलं, पण आशा सोडली नव्हती. पंप काय, आजवर कितीदा दुरुस्त झाला होता. माणिकरावाकडून त्याने तो उतरवून घेतला आणि पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन जीपने रिसोड गाठलं.

रिसोडला हेमसिंग डिझेल पंपांचंच काम करायचा. रंगरावाचा पंप त्याने डोळे झाकून ओळखला असता. पण खोलला आणि आतला भाग उजेडाकडे धरला. आतल्या दांड्या गंजून आपापल्या घरात चिकटल्या होत्या, घरंसुद्धा खाल्ली गेली होती.

“पाणी पेलंय ह्या पंपानं,” तो म्हणाला. “पावसाचं एवढं नाई जात, भाऊ. हे वरून ओतलेलं हाये. गंजाचे थर पाहा, महिन्याच्या महिन्याले.”

कोण ओतेल, असं रंगराव म्हणणार होता, आणि त्याला अमावास्या आठवली.

दर अमावास्येला गाडी पुजायची, ही त्याचीच रीत. पुढचं चाक धुवायचं, नारळ फोडायचा आणि शेवटी टाकीवर तांब्याभर पाणी घालायचं. टाकी म्हणजे गाडीचं पोट, ते कधी रितं राहू नये. नवा ट्रक दारात आला तेव्हा नवी नवरी असलेल्या गोजराबाईला त्यानेच हे शिकवलं होतं. झाकण होतं तोवर पाणी वाहून जायचं. तो बाजेवर पडल्यावरही तिने एक अमावास्या चुकवली नाही. ओल्या हाताने घरी यायची आणि सांगायची, तुमच्या गाडीचं पोट पुजून आली. ते ऐकून त्याला त्या रात्री झोप लागायची.

हेमसिंगने सरळ सांगितलं, की हा पंप गेला, या मॉडेलचा दुसरा आता भंगारातही सापडत नाही, आणि सापडला तरी गंज पुढे इंजिनात गेलेला असणार. पोतं घडी करून त्याने रंगरावाच्या हातात दिलं.

गोजराबाई फाट्यावरच येऊन थांबली होती. तिने विचारलं नाही, नुसतं रिकाम्या पोत्याकडे पाहिलं.

“डिझेल म्हातारं झालं होतं,” रंगराव म्हणाला. “पंप धरला त्यानं.”

तिने मान हलवली. म्हणाली, आपलंही तेच होऊन राह्यलं. रंगरावाला वाटलं, बरं झालं, एवढ्यावर मिटलं. शिवमला त्याने होकार कळवला.

भंगारवाला यायचा होता त्या सकाळी गोजराबाई ताट घेऊन वावरात आली. अमावास्या नव्हती. पण सासरी जाणाऱ्या लेकीलाही तसंच पाठवत नाहीत, म्हणाली. रंगराव काठीवर भार देऊन टाकीजवळ उभा राहिला. तिने पुढचं चाक धुतलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. मग तांब्या घेऊन टाकीपाशी आली. टाकीच्या तोंडात पुन्हा तोच लुगड्याचा बोळा होता. तिने तांब्या वाकवला.

आणि रंगरावाचा उजवा हात आपोआप पुढे झाला. काठी खाली पडली. त्याने टाकीच्या तोंडावर तळवा दाबून धरला. पाणी तळव्यावरून त्याच्या बाहीत गेलं.

घटकाभराने तुकडे होणाऱ्या गाडीची टाकी कोरडी ठेवून काय मिळणार होतं? त्याचं त्यालाच कळलं नाही. गोजराबाईने त्याच्या हाताकडे पाहिलं, बोटांमधून दिसणाऱ्या ओल्या बोळ्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे.

“मीच?” ती म्हणाली. “दर अमोशाले?”

“नाई व. ओत तू,” रंगराव म्हणाला. “ओत, गोजरा.”

पण त्याचा हात काही तिथून निघेना. फाट्यावरून गॅस कटरचा टेम्पो वळून वावराकडे येताना दिसला. गोजराबाईने तांब्या खाली ठेवला. त्यात अजून निम्मं पाणी होतं.