कुठं ते सांग

माझ्या मामाइतका संतापी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो नुकताच मामाशी भांडून आलेला असणार. फोनवर कुणी "मी इथंच हाय" म्हणालं की मामा उसळायचा, "इथं म्हंजी कुठं? सोनईत का बेलापुरात?" एका पाहुण्यानं लग्नपत्रिकेवर नुसतं 'राहत्या घरी' छापलं, म्हणून मामा लग्नाला गेलाच नाही, नवरदेवाच्या बापाला मात्र मांडवात फोन करून झाडलं.

पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी साहेबाशी भांडून सोडली आणि तो देवळालीजवळच्या आमच्या वस्तीवर येऊन राहिला. मीही कॉम्प्युटर शिकलेली, म्हणून मला हाताशी घेतलं. वस्तीला पाणी कधी सुटेल याचा नेम नव्हता. बाया दिवसभर नळापाशी अडकून पडायच्या. टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की घरोघरी मोबाईलवर निरोप जावा, असा प्रोग्राम मामानं फुकट लिहायला घेतला. अर्थात, शिव्या देत देत.

कामाला आम्ही गिट वापरायचो. प्रोग्राममधले बदल नोंदवून जपणारं हे साधन. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. हुकूम कुठल्या फोल्डरवर चालवायचा ते सांगितलं नाही, तर आपण त्या वेळी ज्या फोल्डरमध्ये असू त्याच्यावरच तो चालतो. मामाला हे सहनच व्हायचं नाही. प्रत्येक हुकमात फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहायचा, हा त्याचा कायदा. मी एकदा विसरले, तर माझा कीबोर्ड उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घालून जेवायला बसला.

खरा प्रोग्राम एका फोल्डरमध्ये होता, प्रयोग करायची नक्कल दुसऱ्यात. खऱ्यात मामानं पंधरवडाभर खपून नवं काम केलं होतं; पण "पुरं झाल्याबिगर नोंद करायची न्हाई" या हट्टापायी ते गिटमध्ये नोंदवलंच नव्हतं. त्या दुपारी मी पुन्हा पत्ता न लिहिता हुकूम दिला. साधाच, बदल दाखवणारा. मामा भडकला.

"अगं, कुठं ते सांग! त्या यंत्राला काय सपान पडतं व्हय?"

ओरडता ओरडता, नकलेतले बदल पुसायचा हुकूम त्यानं स्वतःच्या खिडकीत बडवला आणि एंटर दाबलं. पत्ता न लिहिता. ती खिडकी खऱ्या फोल्डरमध्ये उघडलेली होती; नोंद न केलेलं पंधरवड्याचं काम पुसलं गेलं.

"गेलं," मामा म्हणाला. एवढंच.

त्यानंतर तो ओरडेचना. शेजारच्या काकू विचारायला आल्या, "कदी व्हतंय तुमचं?" तर खाली मान घालून म्हणाला, "माझ्या चुकीनं गेलं, वैनी." ते ऐकून माझंच डोकं फिरलं. त्या पडलेल्या आवाजाचा मला असा राग आला की मी टेबलावर हात आपटला.

"मामा, वरड की माझ्यावर! गप काय बसलास?"

"कुनावर वरडू?"

मी खुर्ची ओढली. "आठवतंय तेवढं सांग. मी लिहिते."

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. रोज उठताना काम नोंदवूनच उठायचं. एकदा माझा कंस चुकला आणि मामा खच्चून ओरडला. मी खाली वाकून हसून घेतलं.

प्रोग्राम चालू झाला, बाया नळापासून सुटल्या. मामाला पुन्हा पुण्यात नोकरी लागली. तिथं तो कुणावर ओरडत नाही म्हणे. रविवारी फोन येतो.

"पानी आलं का गं?"

"आलं, मामा."

"दाबानं?"

"व्हय."

तरी तो फोन ठेवत नाही, आणि मीही ठेवत नाही.