बोल्टला कागद लागत नाही

बुधवारी सकाळी सव्वादहाला आर्डिस टॉलेफसनच्या संगणकावर सरकारी तपासणीचं उत्तर आलं: नाकारले. ती बसल्या जागी तशीच राहिली. मग चष्मा काढून स्वेटरच्या टोकाला पुसला आणि परत लावला. शब्द तोच होता. काउंटरच्या पलीकडे तिचा जावई ट्रेंट जॅकेटच्या खिशात हात घालून भिंतीवरची शिंगं बघत उभा होता, आणि शनिवारी हरणांचा मोसम उघडणार होता.

आर्डिसला ओळखणाऱ्या कुणालाही त्या शब्दाचं वजन सांगायला नको. एकतीस वर्षं ती आमच्या केटल लेक गावात बंदुकांचं दुकान चालवते. पहिली सतरा वर्षं नवऱ्याबरोबर आणि हॅल्वर गेल्यावर एकटीने. गावात तिला सगळे जज्जबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. आमच्या पाद्र्याचा फॉर्म तिने तीनदा परत केला होता, का तर पत्त्यात जिल्हा लिहायचा राहिला. पाद्री म्हणाला, ‘‘आर्डिस, तुझा बाप्तिस्मा माझ्या वडिलांनी केलाय.’’ ही म्हणाली, ‘‘त्याचा रकाना या फॉर्मात नाही.’’

आदल्याच दिवशी लाइल येऊन गेला होता. लाइल म्हणजे दुधाच्या टँकरवर जन्म काढलेला म्हातारा. दुकानातली खुर्ची त्याची आणि कॉफीही फुकट.

‘‘माझी बंदूक भावाला पाठवायचीय,’’ तो म्हणाला. ‘‘खोकं आणलंय. फक्त पत्ता घाल.’’

‘‘भाऊ मिशिगनला ना?’’

‘‘सख्खा आहे गं, एका आईचा.’’

‘‘आई एक असेल, राज्यं दोन आहेत. त्याच्या गावच्या परवानेवाल्या दुकानात जाईल. तिथे तो फॉर्म भरेल, वर विचारणा होईल, मग मिळेल.’’

‘‘आणि मी मृत्युपत्रात लिहिली तर?’’

‘‘तर थेट जाईल.’’

‘‘म्हणजे आधी मरायला हवं.’’

‘‘ते तुझ्यावर आहे. मोसम शनिवारी उघडतोय.’’

अशी ही बाई. राज्याची हद्द ओलांडली की भाऊ, बाप, लेक सगळे परके, हे तिचं वाक्य लहान पोरांनाही पाठ होतं. मात्र एक होतं. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे नंबर कोरलेला सांगाडा. नळी, दस्ता, बोल्ट हे नुसतं लोखंड आणि लाकूड. ते कुणीही कुणालाही टपालाने पाठवावं. अशा सुट्या भागांची वहीत नोंद नसते, आणि जे वहीत चढत नाही त्याच्याकडे आर्डिस ढुंकूनही बघत नसे.

ट्रेंटचे वडील मिसूरीत वृद्धाश्रमात होते. शिकार सुटली, म्हणून त्यांनी आपली रायफल मुलासाठी पाठवली होती. माणूस जिवंत, म्हणून ती आर्डिसच्या दुकानात आली, वहीत चढली, आणि जावयाने इतरांसारखा फॉर्म भरला. तो भरताना हसत होता. तीही हसत होती. जावयावर तिचा जीव होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लेकीपेक्षा, मॅरेनपेक्षा, काकणभर जास्तच. हॅल्वर गेल्यानंतर तिच्या छपरावरचा बर्फ कोण पाडायचं, ट्रेंट. घर तापवणारी भट्टी बंद पडली की चाळीस मैलांवरून कोण यायचं, ट्रेंट. शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळायला उभा राहायचा तोही हाच.

‘‘काय म्हणतंय?’’ ट्रेंटने विचारलं.

‘‘नाही म्हणतंय.’’

‘‘म्हणजे थांबा? मागे लाइलला तीन दिवस थांबवलं होतं.’’

‘‘थांबा नाही. नाही.’’

दुकानदाराला कारण सांगत नाहीत. हा नियम आर्डिसने शेकडो लोकांना शांतपणे सांगितला होता. आज तो सांगितलाच नाही. तिने फॉर्म आपल्याकडे फिरवला आणि प्रश्नांच्या यादीवरून बोट फिरवलं. मोठा गुन्हा? नाही. अमली पदार्थ? नाही. घरातल्या माणसावर हात उचलल्याबद्दल शिक्षा? नाही. सगळीकडे त्याच्या नीटनेटक्या अक्षरात ‘नाही’. तिचं बोट त्या शेवटच्या प्रश्नावर थांबलेलं त्याने पाहिलं.

‘‘ते मिसूरीचं असणार,’’ तो म्हणाला. ‘‘ते मिटलंय, आई. वकील म्हणाला होता, विसरून जा.’’

‘‘कुठलं मिसूरीचं?’’

‘‘मॅरेनच्या आधी एक मुलगी होती, एकत्र राहायचो. तिचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. ढकलाढकली झाली, ती पडली, हात मोडला. पडल्यामुळे मोडला. दंड भरला, विषय संपला.’’

त्याने हे भट्टीचा फिल्टर बदलल्यासारखं सांगितलं. या काउंटरवर तिने चोर पाहिले होते, खोटारडे पाहिले होते, एकदा तर खिशात दुसऱ्याचं लायसन घेऊन आलेला पाहिला होता. आणि ख्रिसमसला आपल्या टेबलावर टर्की कापणारा हा माणूस तिला दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

‘‘मॅरेनला यातलं काही बोलू नका,’’ ट्रेंट म्हणाला. ‘‘उगाच डोक्यात घेते ती.’’

‘‘ही रायफल तुला देता येणार नाही,’’ आर्डिस म्हणाली. ‘‘तुझ्या वडिलांना परत जाईल.’’

‘‘जाऊ दे. यंदाही बाबांचीच वापरीन.’’

बाबांची. हॅल्वरची. दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर तिने स्वतःच्या हाताने कपाट उघडून नवऱ्याची रायफल जावयाला दिली होती. घरातली वस्तू घरात राहिली, असं म्हणाली होती. कागद केला नव्हता, कारण एकाच राज्यात घरच्या माणसाला देताना कागद लागत नाही. खरंच लागत नाही. परक्यांच्या पत्त्यातला जिल्हा शोधत बसलेल्या बाईने आपल्याच लेकीच्या घरात बंदूक नेऊन ठेवली होती.

‘‘फक्त तिचा बोल्ट सापडत नाही,’’ ट्रेंट पुढे म्हणाला. ‘‘एप्रिलपासून. मॅरेनने साफसफाईत कुठे टाकला देव जाणे. किती ओरडलो, तरी तोंड उघडत नाही. तुमच्याकडे बसणारा एखादा असेल ना? आणि बोल्टला तर कागद लागत नाही.’’

नियम त्याला बरोबर पाठ होता. तिनेच शिकवला होता.

बोल्ट म्हणजे हाताने पुढेमागे सरकवायचा लोखंडी दांडा. तोच गोळी आत ढकलतो. तो काढून घेतला की रायफलची काठी होते. आणि आर्डिसला, मान न वळवता, आपल्या मागचं वरचं फडताळ दिसलं. एप्रिलमध्ये टपालाने एक जाड पाकीट आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही, पत्ता सगळा मोठ्या छापील अक्षरांत. तिने एक टोक उघडून पाहिलं. कागदी रुमालात गुंडाळलेला बोल्ट. सुटा भाग, नोंद नको. कुणीतरी दुरुस्तीला पाठवला असेल, असं म्हणून तिने पाकिटावर ‘मालक येईल’ लिहून वर ठेवून दिलं होतं. ते अजून तिथेच होतं. ट्रेंटने नजर दोन वीत वर केली असती तर त्यालाही दिसलं असतं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मागवावा लागेल. मोसमाआधी येणार नाही.’’

एकतीस वर्षांत त्या काउंटरवर तिने बोललेलं हे पहिलं खोटं. ट्रेंटने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग हसला, काउंटरवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, ‘‘बरं. मी कॅम्पवर जातो, मचाण बांधायचंय. रात्री उशीर होईल.’’ जाता जाता त्याने दाराची कुरकुरणारी बिजागरी हलवून पाहिली आणि म्हणाला, ‘‘रविवारी तेल घालतो हिला.’’

त्याची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती उभी राहिली. मग स्टुलावर चढून पाकीट काढलं. या वेळी रुमाल पूर्ण सोडला. दांड्याच्या मुठीवर कानशीने कोरलेला वेडावाकडा एच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हॅल्वरने तो कोरला होता, आणि टेबलावर पडलेल्या लोखंडाच्या भुग्यावरून तिने त्याला अर्धा तास बोल लावला होता. काखेत कळसा घेऊन ती सात महिने बसली होती.

आता मार्च महिना आठवला. मॅरेन तिच्याकडे कॉफी प्यायला आली होती. कपात चमचा फिरवत म्हणाली, ‘‘आई, ट्रेंटचा राग भयंकर आहे.’’ आणि आर्डिस काय म्हणाली? ‘‘तुझे बाबा काय कमी चिडायचे? हिवाळ्यात पुरुष चिडतात. सांभाळून घे जरा.’’ हॅल्वर चिडला की गराजमध्ये जाऊन खिळे निवडायचा. यापलीकडे त्याच्या रागाने कधी काही केलं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती तसं बोलली. मॅरेनने कॉफी अर्धी ठेवली आणि निघून गेली. तीन आठवड्यांनी हे पाकीट आलं होतं. आर्डिसला स्वतःची किळस आली, आणि ते ती मोठ्याने म्हणाली, एकटीच, रिकाम्या दुकानात.

वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या आठवड्यात, भर सकाळी, तिने दुकानाला कुलूप लावलं. लाइल तेवढ्यात खोकं घेऊन आलाच होता.

‘‘कोण मेलं?’’ त्याने विचारलं.

‘‘अजून कुणी नाही,’’ आर्डिस म्हणाली आणि गाडीत बसली.

चाळीस मैल. रस्त्याच्या कडेला पहिला बर्फ साचलेला, पेट्रोलपंपांवर शिकारीच्या नारिंगी जाकिटातल्या पुरुषांची गर्दी. ट्रेंटने तिच्याकडे जास्त वेळ का बघितलं, त्याला कळलं का, तो खरंच कॅम्पवर गेला का, हेच डोक्यात. घराच्या वळणावर तिने आधी अंगणात त्याची गाडी आहे का पाहिलं. नव्हती.

मॅरेनने दार उघडलं. लांब बाह्यांचा शर्ट. जुलैच्या सहलीतही तिने लांब बाह्या घातल्या होत्या आणि आर्डिस म्हणाली होती, डास फार आहेत ना.

‘‘तो कुठाय?’’ मॅरेनने विचारलं.

‘‘कॅम्पवर. रात्री येईल म्हणाला. त्याला नकार आलाय, मॅरेन. मिसूरीतल्या मुलीचं त्याने सांगितलं मला.’’

‘‘पडल्यामुळे हात मोडला, असंच ना?’’

‘‘असंच.’’

मॅरेनने मान हलवली. तिला नवल वाटलं नाही, आणि तेच आर्डिसला सगळ्यात जास्त लागलं. तिने पाकीट उघडून बोल्ट टेबलावर ठेवला.

‘‘एप्रिलमध्ये पाठवला होता,’’ मॅरेन म्हणाली.

‘‘नाव नव्हतं गं त्यावर.’’

‘‘नाव घातलं असतं आणि तू त्यालाच फोन केला असतास तर? केला असतास तू, आई.’’ आर्डिसने बोल्ट फिरवून मुठीवरचा एच वर केला. ‘‘बाबांचा एच तर होता. मला वाटलं, तू बघशील आणि संध्याकाळपर्यंत येशील. रोज खिडकीशी उभी राहायचे. मेअखेरीस सोडून दिलं.’’

‘‘मी पूर्ण उघडलाच नाही. सुटा भाग होता. त्याची नोंद लागत नाही.’’

हे आपणच बोललो हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मॅरेन उठली. आत गेली, हॅल्वरची रायफल आणून आईच्या हातात दिली, आणि परत जाऊन कपाटाच्या तळातून एक बॅग ओढून आणली.

‘‘इतक्यात भरलीस?’’ आर्डिसने विचारलं.

‘‘भरलेलीच आहे.’’

आर्डिसने तिच्यासाठी स्वेटर काढायला चेन उघडली. बाहेर बर्फ पडत होता. बॅगेत पातळ जाकीट होतं, दोन सुती शर्ट आणि कॅनव्हासचे बूट. सगळे एप्रिलचे कपडे होते.